समजा, इंजिन गेलं

हिंगोली जिल्ह्यातून विमान धरायचं तर नांदेड गाठावं लागतं, आणि तिथून सध्या कुठलं विमान सुटतं हेही आधी चार जणांना विचारून घेतलेलं बरं. तरीसुद्धा वैमानिकांना नापास करण्यात हयात घालवलेला एक माणूस आमच्या वसमतमध्ये राहतो. परीक्षक ही जातच अशी, की ती निवृत्त होते पण थांबत नाही. निवृत्त हेडमास्तर लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. निवृत्त तलाठी दुसऱ्याच्या बांधाकडं डोळे बारीक करून बघतात. आमचे कॅप्टन माणसांची एअरमनशिप, म्हणजे वैमानिकी शहाणपण, तपासतात.

कॅप्टन तालुक्यातलेच. हळदीच्या वावरात वाढले, हवाई दलात गेले, तिथून प्रवासी विमानांवर आले आणि शेवटची बरीच वर्षं परीक्षक होते. गावात ‘कॅप्टन’ म्हटलं की निम्म्या लोकांना क्रिकेट आठवतं आणि उरलेल्यांना फौज. ‘मी विमानं चालवायचो’ असं त्यांनी एकदा पारावर सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “सोताची का मालकाची?” कॅप्टन म्हणाले, “मालकाची.” म्हाताऱ्याला बरं वाटलं. ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असतो तसा हा विमानावर, एवढा हिशोब त्याच्या मनात पक्का बसला.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला दर सहा महिन्यांनी नव्यानं परीक्षा द्यावी लागते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. वकील एकदा पास झाला की जन्मभर पास. मास्तरचंही तेच. वैमानिकाची मात्र सहामाही काही केल्या चुकत नाही, केस पिकले तरी. ही परीक्षा बहुतेक वेळा सिम्युलेटरमध्ये होते. लोखंडी पायांवर उभी केलेली, डुलणारी एक बंद खोली. आत अस्सल कॉकपिट, काचेपलीकडं पडद्यावरची धावपट्टी, पुढं दोन वैमानिक आणि त्यांच्या पाठीमागं परीक्षक. परीक्षकाच्या हाताशी एक छोटा पडदा असतो. त्यावर एका जागी बोट टेकवलं की डावं इंजिन पेटतं, दुसऱ्या जागी टेकवलं की धुकं उतरतं, तिसऱ्या जागी टेकवलं की चाकं बाहेर यायला तयार होत नाहीत. कॅप्टननी वर्षानुवर्षं लोकांच्या पाठीमागं बसून बोटानं आगी लावल्या. निवृत्तीनंतर पडदा गेला, बोट राहिलं.

ते बोट वसमतच्या स्टेशन रोडवर प्रथम एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर पडलं. कॅप्टन मागं बसलेले. रिक्षा भरात. कॅप्टननी पुढं वाकून शांतपणे विचारलं, “समज, आत्ता तुझा ब्रेक गेला. काय करशील?”

“समजायचं काय त्यात?” रिक्षावाला म्हणाला. “दसऱ्यापसून गेलेलाच हाये.”

दुसरा कोणी असता तर उडी मारून उतरला असता. कॅप्टननी वही काढली. “मग चालवतोस कसा?”

“आव काका, हे बघा. म्होरं उतार लागतोय, तर उताराच्या आधीच गेर पाडायचा. तिथं डाव्या अंगाला वाळूचा ढिगारा हाये, बांधकाम चाललंय त्याचा. तो हुकला तर टाकीपाशी चढ लागतोय, तिथं रिक्षा आपोआप दम खाती. अन् लईच वंगाळ झालं तर ते बाभळीचं कुपाटं. प्याशिंजर खरचटतंय, पर मरत नाई.”

कॅप्टन थक्क झाले. एका इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडलं तर कुठल्या शेतात उतरायचं, हे वैमानिकानं उडतानाच मनात धरून ठेवायचं असतं. इंजिन गेल्यावर शेत शोधायला निघाला, तो उशिरा निघाला. फ्लाइंग क्लबची पोरं इथं हमखास मार खातात. आणि हा गडी रस्त्याच्या प्रत्येक फर्लांगाला एकेक शेत ठरवून बसला होता! उतरताना कॅप्टननी भाडं दिलं, वर दहा रुपये दिले आणि निकाल सांगितला. “हात शंभरपैकी शंभर. एअरमनशिप शून्य. नापास.”

“कामून?”

“ज्याला एअरमनशिप असते, त्याला ही कसरत दाखवायची पाळीच येत नाही. तो सकाळी ब्रेक दुरुस्त करून मग निघतो.”

रिक्षावाल्यानं दहाची नोट खिशात घातली आणि मला विचारलं, “डोस्क्यावर परिणाम हाये का काही?” मी नाही म्हणालो, पण फार जोर देऊन नाही म्हणालो असं नाही.

कॅप्टनच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं मूळ इथं आहे. कौशल्य मोजता येतं, म्हणून सगळे कौशल्य मोजतात. आमच्या एमएच ३८ च्या ऑफिसात दुचाकीच्या परवान्याला पोरं पाय न टेकवता इंग्रजी आठ काढतात आणि पास होतात. कॅप्टनचं म्हणणं, आठ काढता येतो हे कळलं, पण गाडी कधी काढू नये हे त्याला कळतं का, ते कोण विचारतं? विमानातही आकडे आहेतच. ठरलेल्या उंचीपासून शंभर फूट इकडं-तिकडं चालतं, दिशा दहा अंशांपर्यंत हलली तर चालतं, त्यापुढं नाही. आकड्यांना डोकं लागत नाही. डोकं लागतं ते ज्याला काटा नाही, ते ओळखायला. आता त्यासाठी नव्या तक्त्यांत रकाने आलेत: परिस्थितीचं भान, निर्णय, कामाची वाटणी, बोलणं-ऐकणं. कॅप्टन रकाने भरायचे, पण त्यांच्या मते निकाल त्याच्या बराच आधी लागलेला असायचा.

कधी कधी विमान जमिनीवर उभं असतानाच. व्यावसायिक परवान्याला निदान दोनशे तासांचं उड्डाण लागतं. ते पुरं करून पोरगं परीक्षेला उभं राहायचं. गोंदिया, बारामती, धुळे, जिथं शाळा असेल तिथं. उड्डाणाआधी विमानाला एक फेरी मारायची असते, आणि पंखाखालच्या तोटीतून थोडं इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी आहे का बघायचं असतं. छोट्या विमानांचं हे पेट्रोल निळसर असतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. कॅप्टन पेल्याकडं बघत नसत, पोराच्या डोळ्यांकडं बघत. काही पोरं पेला उचलतात, उजेडात धरतात, मान हलवतात आणि ओततात. बघत कोणीच नाही. देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं सगळं होतं. आणि एखादं पोरगं पेला धरून असं निरखतं, की आता यातून पाणी निघालंच पाहिजे. अशा पोराला कॅप्टन मनातल्या मनात अर्धे मार्क तिथंच देऊन टाकत.

उरलेले अर्धे सापळ्यात. हवेत गेल्यावर ते मुद्दाम पेन पाडत. पोरगं वाकून पेन शोधायला लागलं की संपलं. विमान उडवायचं सोडून तू माझं पेन शोधतोस? शोधायचं तर मी शोधीन, मी रिकामाच बसलोय. मग गप्पा मारत, गावाकडची चौकशी करत, आणि बरोबर त्याच वेळी थ्रॉटल मागं ओढून म्हणत, “समज, इंजिन गेलं.” चांगलं पोरगं आधी विमानाचं नाक सावरतं, मग शेत निवडतं, मग काय बिघडलं ते बघतं आणि सगळ्यात शेवटी रेडिओवर बोलतं. कच्चं पोरगं आधी बोलतं. कॅप्टनच्या मते हे फक्त वैमानिकांना लागू नाही. आमच्या ग्रामपंचायतीलाही लागू आहे.

पण त्यांचा आवडता सापळा वेगळा होता. आभाळ भरून आलेलं असायचं. कॅप्टन घड्याळ बघत म्हणायचे, “जाऊ या ना पटकन. मला संध्याकाळची गाडी धरायची आहे.” परीक्षक. त्याची सही. घरच्यांनी शेत विकून भरलेली फी. पोरगं एकदा ढगाकडं बघे, एकदा कॅप्टनकडं. बहुतेक पोरं कॅप्टनकडं बघून “येस सर” म्हणत. कॅप्टन “छान” म्हणत, आणि दोरी बांधलेल्या विमानाजवळच परीक्षा संपे. एका मुलीनं मात्र सांगितलं होतं, “सर, तुमची गाडी चुकली तर मी तुमच्या मुक्कामाची सोय करते. पण आज उडायचं नाही.” बाकीची परीक्षा रीतसर दुसऱ्या दिवशी झाली. ‘दुसऱ्या दिवशी फक्त माझी सही बाकी होती,’ असं कॅप्टन सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा नातवंडं पास झाल्यासारखा होतो.

आपल्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणावं, यासाठी जीव टाकणारा हा एकच परीक्षक मी पाहिला. कारण विचारलं की ते टेनेरिफचं सांगतात, आणि ते सांगताना विनोद करत नाहीत. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरचा एक छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळं सगळी विमानं इकडं वळवलेली. दाट धुकं. केएलएमच्या जंबोचा कॅप्टन हा त्या कंपनीचा जंबोवरचा बडा प्रशिक्षक. जाहिरातीत फोटो त्याचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वी त्यानंच घेतलेली. कामाचे तास संपत आलेले, घाई झालेली. पहिल्यांदा त्यानं थ्रॉटल पुढं सरकवले, तेव्हा सहवैमानिकानं सांगितलं, अजून परवानगी मिळाली नाही. तो थांबला. दुसऱ्यांदा सरकवले, तेव्हा उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हतीच, पण सहवैमानिकानं त्याला थांबवलं नाही. मागं बसलेल्या इंजिनियरनं विचारलं, समोरचं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना? कॅप्टननं ठासून सांगितलं, नाही. ते होतं. पॅन ॲमचं दुसरं जंबो. ५८३ माणसं गेली.

“परीक्षक चुकला,” आमचे कॅप्टन म्हणतात, “आणि ज्याला त्यानं पास केलं होतं, त्याला परीक्षकाला दुसऱ्यांदा थांबवता आलं नाही. आता बोला, नापास कोण?”

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मंगळूर. २२ मे २०१०. विमान उतरताना जास्त उंचावर, जास्त वेगात. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं, गो अराउंड, म्हणजे उतरणं रद्द करा, विमान पुन्हा वर घ्या. कॅप्टननं घेतलं नाही. टेकडीच्या माथ्यावरची ती धावपट्टी संपली. १६६ पैकी आठ जण वाचले.

हे ऐकलेलं असलं की कॅप्टनच्या पुढच्या वागण्याचा उलगडा होतो. नसलं तर होत नाही. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं आणि आमच्या मोंढ्यातले काही अडते जिल्ह्याबाहेर पडायला विमान वापरू लागले. त्यातले एक शेठ एकदा धुसफुसत कॅप्टनच्या दारात आले. नांदेडवर वादळ होतं. विमान खाली आलं, धावपट्टी दिसली न दिसली, परत वर गेलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि थेट हैदराबादला माघारी. हळदीचा सौदा बुडाला, लॉजचा खर्च पडला, बायको फोनवर ओरडली ती वेगळीच. “इतकं खाली येऊन परत जायचं म्हंजे काय? पायलट नवाच असंल. तुम्ही वर कळवा.”

कॅप्टननी घरात बघून आवाज दिला, “अगं, अर्धा किलो पेढे मागव.”

शेठला वाटलं, तक्रार पोचल्याचे पेढे. कॅप्टननी पेढा त्यांच्या तोंडात घालून सांगितलं, “तुम्ही जिवंत आल्याचे. पायलट पास!” शेठनी पेढा गिळला, पण अजूनही ते कॅप्टनला रस्त्यात भेटले की पलीकडच्या बाजूला जातात.

देवाधर्माच्या बाबतीत कॅप्टन कोरडे आहेत, पण औंढ्याला मात्र भक्तिभावानं जातात. औंढ्याच्या नागनाथाची कथा सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्या बाजूला फिरलं. म्हणून नंदी आजही मागच्या बाजूला आहे म्हणतात. लोक यातून भक्तीचा महिमा घेतात. कॅप्टन हात जोडून म्हणतात, “एवढं दगडी देऊळ. सगळा कार्यक्रम ठरलेला. आणि परिस्थिती बदलली म्हटल्यावर तोंड फिरवलं! देवाला कमीपणा वाटला नाही. आमच्या पोरांना दहा अंश वळायला वाटतो.” एका पुजाऱ्यानं हे ऐकलं. प्रसाद दिला, पण जरा विचार करून दिला.

घरात कॅप्टनचं चालत नाही, आणि ते त्यांच्याच नियमानं. विमानात दोघांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की आधी विमान वर घ्यायचं, वाद नंतर खाली उतरल्यावर. हा नियम त्यांनी लग्न झाल्यावर काकूंना हौसेनं शिकवला. शिकवायला नको होता. एका लग्नात पंगतीला वाढपी जिलेबी घेऊन आला. कॅप्टनचा हात पुढं गेला, तिसरी जिलेबी ताटाच्या वर वीतभर, पाक ठिबकतोय. बायकांच्या पंगतीतून काकूंचा आवाज आला: “थांबा.” नुसतं थांबा. का ते नाही, साखर किती आली ते नाही. कॅप्टननी जिलेबी होती तशी उचलून शेजारच्याच्या ताटात ठेवली आणि वरण-भाताला हात घातला. शेजारचा मी होतो. तिथं वाद घातला नाही. वाद रात्री घरी झाला म्हणतात, आणि त्यातही ते हरले.

परीक्षक म्हणून त्यांना गावात बोलावणं मात्र आता बंद झालंय. एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला ते होते. विषय पर्यावरण. पोरं आवाज चढवून झाडं वाचवत होती, घंटा वाजली तरी आणखी दोन जंगलं वाचवूनच खाली उतरत होती. एक मुलगी शेवटच्या वाक्याच्या मधोमध असताना घंटा वाजली. ती गप्प झाली, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. कॅप्टननी पहिला नंबर तिला दिला. पालकांनी गोंधळ घातला, तिचं तर भाषणही पुरं झालं नाही! कॅप्टन उठून म्हणाले, “म्हणूनच.” त्यापुढं त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्यांच्या वहीत गावातला एकच माणूस पास आहे. माझ्या माहितीतले एक मामा, वसमतपासून थोड्या अंतरावर त्यांचं वावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडं हळदीची काढणी चालते. उकडायचा कुकर भाड्यानं येतो, त्याची पाळी लागते. उकडलेली हळद नंतर उन्हात वाळवावी लागते, आणि तिच्यावर पाऊस पडला की रंग गेला, भाव गेला. आमची वसमतची हळद, २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालेली, तिलाही पाऊस ओळखत नाही. त्या वर्षी मामांची पाळी आली आणि त्याच दिवशी उगवतीकडं आभाळ काळवंडलं. आदल्या साली गारपिटीनं हात दाखवलेला होता. शेजारच्यांनी देवाचं नाव घेऊन उकडायला टाकली. मामांनी आपली पाळी सोडली. मजूर परत पाठवले, निम्मी मजुरी अंगावर घेतली.

आणि पाऊस आला नाही. एक थेंब नाही. ढग आले तसे निघून गेले, शेजारच्यांची हळद कडक उन्हात खडखडीत वाळली, मामांना पुढची पाळी मिळायला दिवस गेले. गावानं मामांची चेष्टा करायची बाकी ठेवली नाही. हवामान खातं, पंचांग, भविष्य, सगळी नावं ठेवून झाली.

कॅप्टन वावरात गेले आणि मामांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “पास!”

“आता पाऊस आला असता, तर तुमचं म्हणणं खरं,” मामा ओशाळून म्हणाले.

“आला असता तरी मार्क तेवढेच होते. पाऊस पेपर तपासत नाही. ढग बघून तुम्ही काय ठरवलं, ते मी तपासतो. शेजाऱ्यांनी ठरवलंच नाही, त्यांचं निभावलं. निभावलेल्याला मार्क द्यायला लागलो असतो, तर आज कितीतरी विमानं डोंगरात असती.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मार्क ऱ्हाऊ द्या साहेब. चार माणसं बघून देता का उकडायला? तेवढं बघा.”

कॅप्टननी चार माणसं बघून दिली. त्यातला एक तो रिक्षावाला. कुकरपाशी उभं करण्याआधी कॅप्टननी त्याला वाफेच्या वाल्वकडं बोट दाखवून विचारलं, “समज, हा अडकला...” तो घाबरून मागं सरला आणि म्हणाला, “मग मी उभाच ऱ्हात नाई इथं. आधी मेकॅनिक बोलवा.” त्याच्या नावासमोरचा शेरा कॅप्टननी खोडला की नाही, ते मी वहीत पाहिलेलं नाही. वही ते कुणाला दाखवत नाहीत, फक्त काकू ती कुठं ठेवली आहे ते जाणतात.

वसमतकडं कधी आलात, आणि पांढऱ्या मिशांचे, खिशात वही असलेले एक गृहस्थ ‘चला, माझ्या गाडीतून नांदेडला सोडतो, पटकन पोचू’ म्हणाले, तर आधी आभाळ बघा, मग गाडीचे टायर बघा. काही खटकलं तर सरळ नाही म्हणा. राग नाही यायचा त्यांना. चहाला घरी नेतील, आणि काकू थांबा म्हणेपर्यंत पेढेही देतील.